सुखदेवरावांनी बुंदीला बांधलेला कांदा

कुत्री आमची. तिचे केस आमच्या सोफ्यावर. पण सकाळी उठल्याबरोबर तिची जीभ तपासायला फाटकाशी उभे कोण? शेजारचे सुखदेवराव! नमस्कार नाही, चमत्कार नाही. दूधवाल्यासमोर मोठ्यानं पहिला प्रश्न, “वैनी, बुंदीबाई आज पातळ तर नाई बसली?”

मी काय उत्तर देणार, कपाळ?

सुखदेवरावांनी सारी नोकरी पुलगावच्या एका जिनिंगमध्ये काढली. कापसाच्या गंजीवर नजर ठेवायची, कोणी विडी पेटवली की धावून जायचं. निवृत्त होऊन नाचणगावला एकटेच राहायला आले. गंज्या सुटल्या, नजर सुटली नाही. ती येऊन पडली आमच्या वीतभर बुंदीवर.

मी तिला फिरायला काढलं की हे गच्चीवरून ओरडणार, “डांबर तापून राह्यलं, वैनी! पायाले फोड येतीन तिच्या! मंग म्हनान, सांगतलं नाई!” गल्लीत मोटारसायकल जोरात आली म्हणून त्यांनी एकदा काठी आडवी घातली. त्या पोराची आई भांडायला कोणाकडे आली? माझ्याकडे. काठी यांची आणि शिव्या मला!

वरातीचा किस्सा तर विचारूच नका. डीजेच्या आवाजानं बुंदी पलंगाखाली शिरली, तर यांनी रस्त्यात उभं राहून सांगितलं, “या घरी बाळंतीन हाये, बंद करा!” डीजे बंद झाला. दुसऱ्या दिवशी वरमाय झबलं घेऊन आमच्या दारात. अहो, मी पन्नाशी ओलांडलेली बाई! कुठं तोंड लपवावं ते सुचेना.

हे सगळं मी चालवून घेतलं. पण मे महिन्यात कहर झाला. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे बाहेर निघताना खिशात कांदा ठेवतात. बुंदीला खिसा नाही, याची काळजी जगात फक्त सुखदेवरावांना. मी आत भाजी फोडणीला घालत होते. तेवढ्यात त्यांनी अंगणात येऊन स्वतः शिवलेल्या कापडी पिशवीत सोललेला कांदा घातला आणि पिशवी तिच्या पट्ट्याला बांधून दिली. मी बाहेर येऊन बघते तर पिशवीच्या चिंध्या, कांदा गायब आणि बुंदी तोंड चाटत बसलेली.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “कुत्र्यासाठी कांदा म्हणजे विष. रक्त कमी होतं. हिरड्यांवर लक्ष ठेवा, पांढऱ्या पडल्या तर अवघड आहे.”

मग मी सोडते होय! फाटकाशीच गाठलं त्यांना. “तुमची काळजी तिच्या जिवावर उठली! पुन्हा या फाटकाला हात लावायचा नाही!” सुखदेवराव मान खाली घालून आपल्या घरात गेले.

बुंदी कूलरसमोर नुसती पडून असायची. पोळीला तोंड लावेना, शेपूट हलवेना, हिरड्या फिक्या पडत चाललेल्या. मला रडूच यायचं. आणि हे महाशय? ना फाटकाशी, ना गच्चीवर. म्हणजे एरवी रोज माझं डोकं खाणार, आणि खरी काळजी करायची वेळ आली तर दार लावून बसणार! मी येऊ नका म्हटलं म्हणून काय झालं? माणसानं तिकडून तरी विचारावं की नाही?

आठवडा उलटल्यावर बुंदीनं दहीपोळी खाल्ली. हिरड्या गुलाबी दिसायला लागल्या. मी तिला काखोटीला मारलं आणि तडक त्यांच्या घरी गेले, चांगली खरडपट्टी काढायला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत भट्टी! भर दुपारी कूलर बंद, आणि सुखदेवराव आमच्या घराकडच्या भिंतीला लागून खाली बसलेले. बनियन घामानं भिजलेलं.

“जिती हाये?” त्यांनी विचारलं.

“दिसत नाही का? आणि कूलर काऊन बंद? मरायचं आहे का या उन्हात?”

“कूलर चालू असला का तिचं भुकनं आयकू येत नाई, वैनी.” त्यांनी भिंतीवर हात ठेवला. “चार दिवस झाले, आवाजच नाई आला. विचारायची हिंमत नाई झाली. माह्याच हातानं तर बांधलता मी कांदा.”

बुंदी माझ्या हातातून उडी मारून त्यांच्या मांडीवर चढली. त्यांनी बोटानं तिचा ओठ वर केला, हिरड्या पाहिल्या, आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोर हुंदके देऊन रडायला लागला.

माझी खरडपट्टी राहिली बाजूला. मी आधी कूलर लावला.

“उद्यापासून डॉक्टरांनी दिलेलं हिचं रक्त वाढायचं औषध तुम्ही येऊन पाजायचं,” मी डाफरले. “सकाळ-संध्याकाळ. माझ्या हातानं घेत नाही ही भवानी.”

ते औषध गोड आहे. माझ्या हातातला चमचा ती चाटूनपुसून साफ करते. पण हे त्यांना सांगायची मला काय गरज पडली आहे?