घंटी गप्प झाली

सकाळी सातला डेल्मो दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशातून दोरीचं टोक लोंबत होतं. नाझारेनोला आधी दोरी दिसली, मेहुणा नंतर.

"ही कशाला?"

"कुत्री न्यायला," डेल्मो म्हणाला. "आज सान मार्तीनोचा सण, वर्ष भरलं. ठरलंय ना आपलं, दाजी?"

ठरलं होतं खरं. बिर्बा हे डेल्मोच्याच कुत्रीचं पिल्लू. बहिणीच्या नवऱ्याला त्याने ते दिलं, पण अट घालून. वर्षभरात बिर्बाने रानातल्या बेकाच्चावर रोख धरायला शिकायचं. म्हणजे पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी गोठायचं आणि पक्षी उडाला तरी मालक "झालं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. हे डेल्मोने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तर कुत्री नाझारेनोची. नाहीतर आल्या वाटेने परत. बेकाच्चा म्हणजे लांब चोचीचा, वाळक्या पानांच्या रंगाचा महालबाड पक्षी. त्या डोंगरातले लोक पोरांच्या लग्नापेक्षा त्याच्याबद्दल जास्त बोलतात.

नाझारेनोने काय नाही केलं! पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याला दुसरा उद्योग नव्हता. लांब दोरी लावून शिकवलं, पिंजऱ्यातल्या कबुतरावर शिकवलं. कबुतरासमोर बिर्बा देवळातल्या मूर्तीसारखी उभी राही. रानातला पक्षी लागला की मात्र एक, दोन, तीन, आणि चौथ्याला झेप! पक्षी पसार, आणि बाई शेपूट हलवत परत. आणि या वर्षात त्याचा जीव तिच्यात असा गुंतला होता की ती गेली असती तर घर खायला उठलं असतं. बायको एर्सिलिया कुत्रीच्या नावाने दिवसभर करवादायची, पण चीजचे तुकडे गुपचूप तीच चारायची.

"पट्टा किती सैल तो!" डेल्मो ओरडला. "लाड नुसते!"

"मान सोलवटलीय तिची. दोन भोकं सैल केलाय."

बंदुका घरीच ठेवून दोघं चेस्टनटच्या रानात शिरले. झाडी इतकी दाट की कुत्रं दिसतच नाही, म्हणून पट्ट्याला घंटी असते. घंटी वाजतेय तोवर कुत्रं हिंडतंय. घंटी थांबली की समजायचं, रोख धरला.

टण टण, टण टण. आणि मग एकदम शांतता.

नाझारेनो थबकला. तो मनात मोजू लागला. एक, दोन, तीन... चार! पाच! दहा झाले, वीस झाले, घंटी गप्पच.

"चल," डेल्मो कुजबुजला. "पाय वाजवू नकोस."

दोघं गुडघ्यांवर रांगू लागले. काटे टोचत होते, ओल विजारीतून आत येत होती. डेल्मोने घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं, दाजी! माझ्या आज्याच्या कुत्र्याने सात धरली होती, त्याचं नाव अजून गावात घेतात."

नाझारेनोला रडू यायचं बाकी होतं. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि घंटी एकदाच किणकिणली. "पक्षी सरकला," डेल्मो म्हणाला, "ती मागून सरकली. वा, काय अक्कल आहे!"

वीस मिनिटांनी दोघं शेवटच्या झुडपापाशी पोचले. नाझारेनोने फांदी हळूच बाजूला केली. काट्यांत रिकामा पट्टा अडकला होता आणि त्याला घंटी लोंबत होती. कुत्रीचा पत्ता नव्हता.

डेल्मो उठला, गुडघे झाडले. "झुडूप मात्र तयार झालंय हो चांगलं. संध्याकाळपर्यंत हलायचं नाही." मग खिशातून दोरी काढली. "शोध तिला. मी नेतो."

नाझारेनोने रिकामा पट्टा काट्यांतून सोडवला. तेवढ्यात त्याचा फोन थरथरला.

"बोलू नकोस, नुसतं ऐक," पलीकडे एर्सिलिया कुजबुजत होती. "मी कोबीच्या वाफ्यात उभी आहे. तुझी बया पाव तासापासून समोर एक पाय वर करून उभी आहे. तूच म्हणतोस ना, ती थांबली की कुणी हलायचं नाही? मग मी पण हलले नाही. चुलीवर टोमॅटोचा रस्सा करपतोय. मेल्यांनो, लवकर या!"

दोघं साठीचे गडी उतार धावत सुटले. परसात शिरताच करपल्याचा वास नाकात गेला. कोबीत एर्सिलिया परडी कमरेवर घेऊन ताठ उभी होती. तिच्या पुढे बिर्बा, पंजा उचललेला, शेपूट काठीसारखं सरळ. आणि कोबीच्या पानाखाली वाळक्या पानांचा एक ढीग, त्यात एक काळा चमकदार डोळा.

"बेकाच्चा," डेल्मोचा आवाज कापत होता. "परसात!"

"थांब, बिर्बा," नाझारेनो पुटपुटला. एवढं एक कर गं बाई, तो मनात विनवत होता. बिर्बाची कातडी थरथरली, पण पाय हलला नाही.

डेल्मो एक पाऊल पुढे आला. दुसरं टाकलं. चाळीस वर्षं गावाला संयम शिकवणारा हा माणूस. तिसऱ्या पावलाला त्याने तो डोळा जवळून बघितला आणि त्याचं भान सुटलं. दोन्ही हात पसरून त्याने कोबीवर झेप घातली. पक्षी फर्रकन त्याच्या काखेखालून उडाला, डेल्मो नाकावर आपटला, परडी उलटली आणि एर्सिलिया किंचाळली.

बिर्बा जागची हलली नाही. तिने फक्त डोळे फिरवून नाझारेनोकडे बघितलं.

"झालं, माझी बाय, झालं!" नाझारेनो चिखलात बसला आणि तिला कवटाळून ढसाढसा रडला.

एर्सिलियाने चिखलात पडलेली दोरी उचलली आणि भावासमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ, दादा. कुत्री शिकली. उद्यापासून सकाळी सातला तू येत जा, पिंजऱ्यातल्या कबुतरापासून सुरुवात करू."