दुसऱ्या ड्रमची जपानी परवानगी

जपानी शिकायचं मी ठरवलं, ते केवळ हात वर गेला म्हणून. (माझे बरेचसे निर्णय हातच घेतो. डोक्याला नंतर कळवण्यात येतं.)

त्याचं असं झालं. आमच्या गल्लीतल्या विहाराच्या बैठकीत अध्यक्ष ग्यानोबा अण्णांनी सांगितलं, की सातो नावाचे एक जपानी बौद्ध मास्तर नागपूर बघून लातूरला येणार आहेत, तेही नेमके जयंतीच्या आदल्या दिवशी. त्यांचा मुक्काम आणि जेवण गल्लीतच एका घरी करायचं.

"जपानी कुणाला येती का रे?" अण्णांनी विचारलं.

लातूर नुकता जिल्हा झालेला. जिल्ह्याच्या ठिकाणी जपानी येणारा एकही माणूस नसावा, हे नव्या जिल्हा कचेरीतला क्लार्क म्हणून माझ्या जिवाला लागलं. (कचेरीतल्या कपाटांवर अजून उस्मानाबादच लिहिलेलं होतं, पण अभिमान नवा कोरा होता.) हात वर गेला.

मग नांदेडला एका रद्दीवाल्याकडे मला एक जपानी शिकवणारं पुस्तक मिळालं. त्यातला एकच धडा शिल्लक होता, 'नम्रपणे परवानगी मागणे'. बाकीच्या धड्यांत लोकांनी भजी खाल्ली असावीत.

धडा मात्र सोपा निघाला. आत येऊ का, बसू का, काहीही विचारायचं असो, शेवटी वाकून 'मो योरोशी देस का' म्हणायचं. समोरचा 'दोझो' म्हणाला की खुशाल करा. खाली बारीक अक्षरात एक टीप होती. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो श्वास आत ओढतो, 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...', एवढंच म्हणतो आणि वाक्य तिथंच सोडतो. उरलेलं आपण समजून घ्यायचं.

सरावाला कुणीतरी हवं होतं. संध्याकाळी उंबऱ्यात उभा राहून मी बायकोपुढे वाकलो. "हाइत्ते मो योरोशी देस का?"

सिंधु भाकरी थापत होती. "काय झालं? कंबर धरली का?"

"आत येऊ का, म्हणून विचारलं."

"मला?"

"हो."

"आवो, सोताच्या घरात?"

"जपानी लोकांत तशी रीत आहे."

सिंधुचा हात परातीतच राहिला. "लगीन झाल्यापासून मला कुणी काय इचारलंच न्हाई," ती म्हणाली. मग मी तिला धडा समजावून सांगितला, टिपेसकट. तिनं तो माझ्यापेक्षा लवकर पाठ केला. "या आता. दोझो."

तिचा चेहरा असा फुलला होता, की मलाही फार बरं वाटलं. चार दिवस नुसतं दोझो दोझो चाललं. पाचव्या दिवशी मी दुसऱ्या कप चहाची परवानगी मागितली, तर तिनं श्वास आत ओढला आणि म्हणाली, "चोत्तो..." पत्ते खेळायला जाऊ का, म्हटलं. चोत्तो. मग तिनं ही विद्या शेजारच्या साखराबाईला दिली. साखराबाईचा नवरा नरसिंग माझ्याकडे रडकुंडीला आला. "लिंबाजी, तुजं जपानी बंद कर बाबा! म्या नुसतं रेणापूरला जाऊन येतो म्हणलो, तर म्हणती, असं न्हाई, आदी वाकून इचारा!"

दुष्काळ मी म्हणत होता. टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. घरात दोन ड्रम होते. पहिला रोजच्या वापराचा. दुसऱ्याचं तोंड सिंधुनं फडकं बांधून बंद केलेलं, कारण जयंतीला सगळ्या गल्लीची खीर त्या पाण्यात शिजायची होती आणि टँकर जयंतीनंतरच येणार होता. "त्याला हात लावचाल तर बगा," अशी मला मराठीत ताकीद होती.

सातो मास्तर एसटीतून उतरले ते नखशिखांत धुळीनं माखलेले. आमच्याकडे प्रवासातून आलेल्या पाहुण्याला आंघोळ घातल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पाहुण्याचं 'नको नको' कुणी धरत नाही. मी तर "बादली भरून पाणी देतो!" असं अख्ख्या कमिटीला सांगून बसलो होतो. बघतो तर पहिला ड्रम तळाला गेलेला.

मग मी चतुराई केली. पाहुण्यासमोर आमच्याकडची कुठली बाई नाही म्हणते? अण्णा, नरसिंग, मास्तर, सगळ्यांच्या देखत मी दुसऱ्या ड्रमकडे हात करून वाकलो. "मिझु ओ त्सुकात्ते मो योरोशी देस का?" म्हणजे, पाणी वापरू का?

सिंधुनं ड्रमकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. श्वास आत ओढला.

"चोत्तो..."

अण्णांना वाटलं, होकार आला. ते टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मास्तर ताडकन उठले, सिंधुपुढे कमरेत वाकले आणि बाहेर काढलेला टॉवेल पिशवीत घालू लागले. मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं. "असं कसं! आंघोळ केलीच पाहिजे!" मी ओढला, त्यांनी ओढला. आमची आग्रहाची रीत आणि त्यांची समजून घ्यायची रीत त्या एका टॉवेलला लोंबकळत राहिल्या. शेवटी मास्तरांनी सभ्यपणे टॉवेल सोडला.

मी मागच्या मागे कोसळलो. ड्रमसकट. पहिल्या ड्रमच्या तळाचं पाणी माझ्या नव्या पायजम्यानं पिऊन टाकलं.

"झाली का आंगूळ?" सिंधु म्हणाली.

आता दुसरा ड्रम सोडला, तर घरात प्यायलाही पाणी नाही. मास्तरांनी कोपऱ्यातल्या दोन घागरी उचलल्या आणि सिंधुपुढे वाकून काहीतरी विचारलं. तिला शेपूट तेवढं कळलं, 'मो योरोशी देस का'.

"दोझो," ती म्हणाली.

मास्तर घागरी घेऊन हापशावर गेले. मी मागून ओल्या पायजम्यानं. तिथं बायकांची ही लांब रांग. मास्तर प्रत्येकीपुढे वाकून परवानगी मागत चालले आणि प्रत्येकीनं "दोझो" म्हणून त्यांना पुढे सोडलं. (साखराबाईनं सगळ्यांची शिकवणी घेतली होती.) मीही वाकत वाकत पुढे सरकायला बघितलं, तर साऱ्या रांगेनं एकदम श्वास आत ओढला.

दुसऱ्या दिवशी जयंती झकास झाली. दुसऱ्या ड्रमच्या पाण्यात खीर शिजली, गल्लीला पुरून उरली. दमलेल्या सिंधुकडे बघून मला मनापासून अभिमान वाटला. जेवताना मास्तर अण्णांना तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाले, "बहनजी का जापानी बहुत अच्छा! चोत्तो बोलना किताब से नहीं आता." अण्णांनी लगेच विहारातर्फे सिंधुला शाल घातली.

मला राहवेना. "और मेरा जापानी, मास्तर?"

मास्तरांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. मग हळूच श्वास आत ओढला.

"चोत्तो..."

उरलेलं मी समजून घेतलं, आणि घागर उचलून हापशाकडे निघालो.