मागच्या सीटवरची ताई

ताईचं पत्र येऊन तीन उन्हाळे उलटले होते आणि वैमानिकांकडून उत्तर काही गेलं नव्हतं. पत्र चार ओळींचंच होतं. तू विमान बांधतोयस असं कानावर आलं. लहानपणी मला आभाळातून फिरवून आणीन म्हणाला होतास, तेव्हा मागची सीट माझी. फक्त मला उकाडा सोसत नाही, तेवढं बघ.

वैमानिक हे गल्लीने ठेवलेलं नाव. नोकरी कारखान्यात नकाशे काढण्याची. तरुणपणी ते उडायला शिकले होते, लायसन्स निगुतीने चालू ठेवलं होतं आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधायला घेतलं होतं. दोनच सीटा, एकीमागे एक. स्वभाव असा भिडस्त, की दुकानदाराने भलताच स्क्रू दिला तर तो परत करण्यापेक्षा त्या मापाचं भोक पाडणं त्यांना सोपं वाटे. असा माणूस बहिणीला नुसतं 'बघतो' कसं लिहिणार? आधी करून दाखवावं, मग लिहावं, असं त्यांनी ठरवलं आणि विमानात एसी बसवायला घेतला.

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने एका मोडीत काढलेल्या छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर आणून दिला. "काका, विमानात बसवलेला मी तरी पाहिला नाही," तो म्हणाला, "पण गार हवेला काय कळतंय ती कुठे आहे."

कॉम्प्रेसर इंजिनाजवळ लागतो, म्हणजे नाकात. त्यामुळे विमानाचं नाक जड झालं. विमान म्हणजे शेवटी तराजूच. एक पारडं खाली गेलं की दुसऱ्यात काहीतरी टाकावं लागतं. वैमानिकांनी बॅटरी उचलून शेपटीत नेली. बॅटरी मागे गेली, तर तिच्यापासून इंजिनापर्यंत जाड तारा आल्या. तारांना वजन आलं. ते सावरायला आणखी काही हललं. हे सगळं जुळवायचं तर मागच्या सीटवर किती ओझं बसणार ते कळायला हवं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

थोरल्या बहिणीला, इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर, वजन विचारायचं कसं? त्यांनी कागद घेतले आणि फाडले. अखेर त्यांनी आठवणीचा आधार घेतला. कॉलेजात असताना ताई त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसायची. चढावर पायांना लागलेलं ते ओझं त्यांना पक्कं आठवत होतं. तेवढी वाळू पोत्यात भरून त्यांनी पोतं मागच्या सीटवर बसवलं आणि पट्टाही लावला.

"अहो, ही ताई कॉलेजातली झाली," बायको म्हणाली.

"ताई तशीच असणार. तिची हाडंच हलकी."

बायकोने वाळू भरायचा डबा उचलून कोपऱ्यात ठेवला. ताईकडे कार्याला, आजारपणाला तीच जाऊन येई. वैमानिक जात नसत. पत्राचं उत्तर दिल्याशिवाय कुठल्या तोंडाने जायचं?

मग एक चमत्कार सुरू झाला. भंगारवाल्याकडून तीन वजनकाटे आणून ते तीन चाकांखाली ठेवत, तर दर दोन-तीन महिन्यांनी शेपूट मागल्या खेपेपेक्षा जड भरे. त्यांनी काट्यांवर संशय घेतला, फरशीवर घेतला, रंगाच्या जास्तीच्या हातावर घेतला. उंदीर शेपटीत घर करत असतील म्हणून पिंजरा लावला. त्यात एक उंदीर सापडला, पण त्याने हिशेब जुळेना. दर वेळी बॅटरी वीतभर पुढे सरके. आयुष्यभर आकड्यांवर विसंबलेल्या माणसाचा आकड्यांवरचाच विश्वास उडत चालला.

शेवटी विमानाला उडायची परवानगी देणारे सरकारी तपासनीस आले. फार गंभीर गृहस्थ. पुढच्या सीटवर बसून त्यांनी इंजिन सुरू करवलं, एसी लावला, मानेवर झोत घेतला आणि "गार आहे" म्हणाले. मग मागे वळून पाहिलं.

"ही कोण?"

"माझी ताई. पन्नास किलो."

तपासनिसांनी पोतं उचलून पाहिलं, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. मग दोघांनी मिळून ते काट्यावर ठेवलं. काटा पन्नासला थांबलाच नाही. सत्तरच्याही पुढे जाऊन टेकला.

"आपल्या भगिनी," तपासनीस म्हणाले, "बसल्या जागी वाढल्यात."

चहाचा ट्रे घेऊन बायको दारात उभी होती. "मीच वाळू घालत होते," ती म्हणाली. "ताईंना भेटून आले की, एखाद-दुसरा डबा."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तुम्ही हाडं हलकी म्हणालात. तुम्ही त्यांना बघायला जाणार नाही, मग मी काय करू? वर गेल्यावर त्यांचं काही बरंवाईट व्हायला नको." तिने ट्रे पंखावर ठेवला. "मागच्या महिन्यात मात्र दोन डबे काढले."

"का?"

"आजारी होत्या. उतरल्यात फार."

वैमानिक पोत्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांची ताई त्यांच्या शेडमध्ये डब्याडब्याने आली होती, आता डब्याडब्याने निघाली होती, आणि ते पिंजऱ्यात उंदीर धरत बसले होते.

तपासनिसांनी गणित मांडलं. "एसी आणि बहीण, दोन्ही झेपणार नाहीत. एक उतरवा." जाताना दारात थांबून ते म्हणाले, "आणि वर गेलं की हवा आपोआप गार होते. हे आपल्याला माहीत असेलच."

वैमानिकांना ते तरुणपणापासून माहीत होतं.

फ्रिजवाल्याने दुपारभरात कॉम्प्रेसर काढला. बॅटरी पहिल्या जागी आली. त्याच संध्याकाळी वैमानिकांनी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीत दिलं. कारकुनाने पाकीट काट्यावर टाकलं.

"वजन जास्त होतंय. आणखी तिकीट लागेल."

वजनाच्या बाबतीत वैमानिक आता शहाणे झाले होते. बाकावर बसून त्यांनी पाकीट उघडलं. उत्तराला उशीर का झाला त्याची कारणं पानंच्या पानं भरून होती. ती सगळी त्यांनी खिशात घातली. राहिला एक कागद: 'ताई, मागची सीट तुझीच आहे. स्वेटर आण. रविवारी तुला भेटायला येतोय. वजनकाटा आणत नाही.'

त्यांनी पाकीट पुन्हा चिकटवून खिडकीत दिलं.

"आता बरोबर भरलं," कारकून म्हणाला, आणि त्याने शिक्का मारला.