कवळीतली दाढ

"आई, दाढ काढून येतो," असे सांगून थोरला घराबाहेर पडला, तेव्हा आईंनी मान डोलावली. दार लागल्यावर मात्र त्यांना आठवले की, थोरल्याच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात उरलेला नाही. गेली दोन वर्षे तो कवळीवरच जेवत होता.

एवढ्यात धाकट्याचा फोन आला. "आई, आज जेवायला येत नाही. दाढ ठणकतेय."

आईंनी फोन ठेवला आणि थोरल्या सुनेकडे नुसते पाहिले. त्या नजरेपुढे आजवर कोणाचे गुपित टिकले नव्हते.

"यांच्या रक्तात एक आकडा वाढलाय, प्रोस्टेटचा," सून डोळे पुसत म्हणाली. "तुकडा तपासायला दिलाय. कॅन्सर आहे की नाही, ते आज कळेल. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

"पत्ता सांग. आणि रडू नकोस, मी जातेय."

दवाखान्यात बाकाच्या दोन टोकांना दोन वर्तमानपत्रे उघडलेली होती. आईंनी खालच्या चपला ओळखल्या.

"खाली करा ते पेपर. दोघेही."

भाऊ एकमेकांकडे बघतच राहिले. "तू पण?" धाकटा पुटपुटला.

"दाढदुखीची साथ आहे म्हणे," आई म्हणाल्या आणि दोघांना पुढे घालून आत शिरल्या. बसायला सांगूनही त्या उभ्याच राहिल्या.

डॉक्टरांनी कागद चाळले. "दोघांनाही कॅन्सर नाही. काही घराण्यांत हा आकडा जन्मजातच चढा असतो, रोग नसला तरी. अधूनमधून तपासत राहू, एवढंच."

धाकट्याने थोरल्याचा हात घट्ट धरला. आई आता कुठे खुर्चीत टेकल्या. मग घसा साफ करून त्यांनी विचारले, "जन्मजात म्हणजे कोणाकडून?"

"आईकडून किंवा वडिलांकडून. कोणाकडूनही."

"म्हणजे वडिलांकडूनच. नाक, राग, आळस, सगळं तिकडचं." बाहेर येताना त्यांनी साऱ्या बाकांना ऐकू जाईल असे बजावले, "माझ्या माहेरी असलं काही कधी नव्हतं."

कोपऱ्यातले तिसरे वर्तमानपत्र हळूहळू खाली आले. त्यामागे आईंचा सख्खा भाऊ होता.

"ताई, या दोघांना इथला पत्ता मीच दिला," तो ओशाळून म्हणाला. "माझाही आकडा कित्येक वर्षं चढाच आहे. काही होत नाही."

"घरी काय सांगून आलास?"

"दाढ."

आईंनी चष्मा सारखा केला, दोन्ही मुलांकडे नव्याने पाहिले आणि सावकाश म्हणाल्या, "तरीच. आमच्याकडे कुठलीच गोष्ट कधी कमी नसायची."