गच्चीवर अडकलेल्या कुमुदताई

प्रबोधचं काम असं, की इमारत उभी राहण्याआधीच ती लोकांना दाखवायची. परदेशात, आंग मो किओ नावाच्या उपनगरातल्या ऑफिसात बसून तो संगणकावर नसलेल्या भिंतींवर ऊन पाडी, नसलेल्या काचांत ढग दाखवी, आणि पाहणाऱ्याला चक्क आत जाऊन बसावंसं वाटे. त्याच शहरात चोआ चू कांगला व्हायच्या ज्येष्ठ नागरिक केंद्राचं चित्र हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम. ते पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर पुण्याचं तिकीट, असं साहेबांनी गोड हसून सांगितलं होतं.

चित्रात माणूस ठेवल्याशिवाय गच्चीचा कठडा गुडघ्याएवढा झालाय की गळ्याएवढा, ते कळत नाही. प्रबोधने फोनमधला हाताशी आलेला फोटो घेतला. त्यात त्याच्याबरोबरच राहणारी त्याची आई, कुमुदताई, पदर खोचून, हातात परात घेऊन कुरडया वाळत घालायला निघाली होती. कठडा मापात निघाला. आईला नंतर काढायचं, ते तो साफ विसरला.

मीटिंगमध्ये चित्र भिंतभर उमटलं. सकाळचं कोवळं ऊन, पानापानाची सावली, आणि मधोमध कुमुदताई. प्रबोध स्वतःच क्षणभर भारावून पाहत राहिला. मग त्याला आठवलं, आईला काढायचं राहिलं होतं.

केंद्र बांधून घेणाऱ्या मॅडम लिम पंच्याहत्तरीच्या. त्या उठून पडद्याजवळ गेल्या आणि या आंटी कोण, असं त्यांनी विचारलं. माझी आई, प्रबोधने खाली मान घालून सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

मॅडम बराच वेळ पाहत होत्या. मग तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाल्या, "युअर मदर गो अप हाऊ, आह?"

आर्किटेक्टने हसत नकाशा उघडला. पानं पुढेमागे झाली आणि हसू मावळलं. गच्चीवर बाग होती, बाकं होती, कारंजंसुद्धा होतं. वर यायला मात्र ना जिना, ना दार, आणि लिफ्ट गच्चीखालच्या मजल्यावरच थांबत होती. पाच महिने अकरा जाणकारांनी ती गच्ची डोळे भरून पाहिली होती. परात घेतलेली बाई दिसली, तेव्हा कुठे वाटेचा प्रश्न पडला.

प्रबोधची नोकरी तिथेच पक्की झाली. आंटींना चित्रात राहू द्या, असंही मॅडमनी बजावलं.

घरी त्याने आईला चित्र दाखवलं. कुमुदताईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे अजून बांधलंच नाही? अरे, ऊन तर खरं वाटतंय."

त्या पडद्यावर हळूच बोट फिरवत राहिल्या. प्रबोधने राहून गेलेल्या जिन्याची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे मला वर अडकवून तू रोज घरी येऊन जेवत होतास?"