घटी बसलेला फ्लोट

घटस्थापनेच्या सकाळी आंघोळ उरकून जोतीराम देवासमोर उभा राहिला आणि त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. परडीत माती, मातीत पेरलेलं धान्य, मधोमध घट, घटावर नारळ आणि पुढे विड्याच्या पानांवर बसवलेले घरचे देव, हे सगळं दरवर्षीसारखंच होतं. फक्त जोतिबाच्या टाकाशेजारी, स्वतंत्र पानावर, हळदीकुंकवाने माखलेला आणि डोक्यावर झेंडू घेतलेला त्याच्या मोटारसायकलचा फ्लोट बसला होता.

फ्लोट म्हणजे पितळेच्या दोन पोकळ डब्या, मधे पट्टीने जोडलेल्या. कार्बोरेटरमध्ये त्या पेट्रोलवर तरंगतात आणि पेट्रोल किती आत घ्यायचं ते ठरवतात. त्यांच्याशिवाय गाडी चालत नाही. जोतीरामला हे ज्ञान गेल्या पावसाळ्यातच झालं होतं. तो महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता आणि कोपरखैरण्याच्या त्याच्या बैठ्या घरात, बाहेरच्या खोलीत, जिथे पूर्वी वडिलांची खाट असायची, तिथे एक जुनी जपानी मोटारसायकल सुटी होऊन पसरली होती.

गाडी मूळची गावठाणातल्या पंढरीशेठची. हे घर मिळण्याआधी जोतीरामचं बिऱ्हाड त्याच्याच चाळीत होतं. पंढरीशेठचा बाप बोटीवर नोकरीला होता, त्याने ती कुठल्याशा बंदरातून आणली आणि तो वारल्यापासून ती पेंढ्याखाली गंजत पडली. आता पंढरीशेठ जुनं घर पाडून इमारत उठवत होता.

"घेऊन जा," तो म्हणाला होता. "पन आमच्या आयेला एकदा चालू करून दाव. दसऱ्याला दारात चालू गाडी आनलीस तर तुजी. नाय आनलीस तर घराच्या लोखंडाबरोबर भंगारात जाल. ट्रकवाल्याला सांगून ठेवलाय."

जोतीरामने आजवर सायकलपलीकडे स्वतःचं असं काही चालवलं नव्हतं. कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहण्यात त्याची उमर चालली होती. त्या गाडीत त्याचा जीव अडकला होता आणि आता गाडीचा जीव घटासमोर बसला होता.

"आई, हे काय?"

"देव," वात सारत रंगूबाई म्हणाली. "पंढरीशेटच्या घरातला. घर पाडत्यात म्हनून तू देव घिऊन आलास, लई बेस केलंस. पर असा फडक्यात गुंडाळून ठेवत्यात व्हय?"

चूक सगळी म्हातारीची म्हणावी, तर तसंही नव्हतं. नवरात्राआधी घरातली चमच्यापासून ट्रंकेपर्यंत प्रत्येक वस्तू घासून निघते. त्यातून हा नाजूक फ्लोट वाचावा म्हणून जोतीरामनेच तो बायकोच्या ओटीतल्या लाल खणात गुंडाळून देवांच्या फळीवर ठेवला होता. वर सगळ्यांना बजावलं होतं, "पंढरीशेठच्या जुन्या घरातून आलंय, सांभाळा." एवढं ऐकल्यावर कुठल्या बाईने तो चिंचेने लख्ख घासून घटी बसवला नसता?

"अगं, तो देव नाय. गाडीचा पार्ट आहे. पेट्रोलमध्ये तरंगतो."

रंगूबाईने आधी फ्लोटला हात जोडले. "लेकरू हाय, पदरात घे." मग ती मुलाकडे वळली. "सुपारीचा गनपती मांडतो का न्हाय आपुन?"

"मांडतो."

"सुपारी काय झाडावर गनपती व्हती?"

"नाय, पण..."

"मग? मी त्येला पानावर बसिवला, हळद वाह्यली. आता त्यो बसला. घटी बसल्याला देव दसऱ्यापातूर हलवत न्हाईत."

खरं सांगूनही काही फरक पडत नाही, याचा जोतीरामला फ्लोट दिसण्यापेक्षा मोठा धक्का बसला. तो स्वयंपाकघरात बायकोकडे गेला. सुनयना उपासाची भगर निवडत होती.

"अहो, कशाला टेन्शन घेताय? दसऱ्याला सकाळी घट उठतील तेव्हा काढून घ्या. तोवर बाकीची गाडी जोडा. आणि माझा तो खण कुठाय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी खात्री असावी म्हणून जोतीराम एक रजा टाकून मुंबईला जुन्या पार्टांच्या बाजारात जाऊन आला. दुकानदाराने कागदावरचं चित्र बघितलं, "ये गाडी अभी तक जिंदा है?" असं विचारलं आणि उरलेले पार्ट विकायचे असतील तर आणून दे म्हणाला. जोतीराम घरी येऊन मुकाट्याने कामाला लागला. गाडीला आकार येत गेला. चाकं बसली, टाकी बसली, चेन ओढली गेली. फक्त कार्बोरेटरचं पोट रिकामं राहिलं.

तेवढ्यात शेजारच्या शकुबाईच्या नळाला पाणी आलं. तिचा नळ कितीतरी दिवस कोरडा होता. सकाळी तिने रंगूबाईच्या घटाला नमस्कार केला आणि दुपारी नळ असा फुसफुसून सुटला की बादली उलथली. कोपऱ्यावरची फुटकी पाइपलाइन त्याच सकाळी जोडून झाली होती आणि ती जोडताना शकुबाई स्वतः तिथे उभी राहून माणसांना सूचना देत होती. पण हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

"जोडदेव हाय तो," तिने ओळीतल्या सगळ्या घरांना सांगितलं. "लांबून आलाय. जवळ गेलं की वेगळाच सुगंध येतो."

सुगंध पेट्रोलचा होता. दुसऱ्या दिवसापासून कामावरून परतलेल्या जोतीरामला दारात चपलांचा ढीग दिसू लागला. बायका गाडीच्या हँडलला पिशव्या अडकवून आत जायच्या आणि ओटी भरून यायच्या. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, सगळं फ्लोटच्या कानावर घातलं जात होतं. जोतीराम स्पॅनर हातात धरून हे पाहत राही. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

अष्टमीला रंगूबाईने जाहीर केलं, "घट उठल्यावं ह्यो देव कायमचा देव्हाऱ्यात ठेवायचा."

जोतीरामने स्पॅनर खाली ठेवला. "आई, परवा दसरा. पंढरीशेठचा ट्रक येईल. गाडी जाईल गं माझी."

"गाडीपायी देव हाकलू? बायका इच्यारतील त्यास्नी काय सांगू?"

उंबऱ्यावर बसलेल्या हौसेरावांनी घसा खाकरला. जोतीरामचे हे वडील तुर्भ्याच्या मार्केटात जन्मभर पोती वाहून आता घरी होते आणि खाट गेल्यापासून उंबऱ्यावर राहत होते. गाडी घराबाहेर जावी ही त्या घरात सगळ्यात जास्त निकड त्यांची होती.

"दसऱ्याला देव शिलंगनाला जात्यात का न्हाय?" त्यांनी विचारलं.

"जात्यात की. पालखीत बसून," रंगूबाई म्हणाली.

"मंग ह्येची पालखी कंची?"

रंगूबाईने घटाकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

"खरंच की," ती शेवटी म्हणाली. "त्येचं वाहन त्येच्याबरुबरच आलंय."

दसऱ्याला घट उठले. फ्लोटवरची हळद पुसायला रंगूबाई तयार होईना, तेव्हा सुनयनाने मध्यस्थी केली. "आत्या, प्रवासाला निघायच्या आधी देवाला आंघोळ नको का?" आंघोळ पेट्रोलने घातली गेली. "त्याच्या मुलखाची रीत असेल," सुनयना म्हणाली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. जोतीरामने फ्लोट जागेवर बसवला, झाकण आवळलं, गाडी दारात काढली आणि किक मारली. मारतच राहिला. बनियन अंगाला चिकटलं, ओळीतले पुरुष सल्ले देऊ लागले, आणि अचानक गाडी खोकली, निळा धूर ओकली आणि ठणठणीत आवाजात सुरू झाली. जोतीरामला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं. त्याने गाडीवर बसायला पाय उचलला.

"पाय खाली," रंगूबाई म्हणाली.

"काय?"

"देवाच्या वाहनावं मानूस बसतो व्हय? चपला काढ आदी."

ओळीतल्या सगळ्या बायका तिच्या बाजूने उभ्या होत्या. जोतीरामने बापाकडे पाहिलं. हौसेराव खाट आत नेत होते.

शेवटी चालू गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, तिचे कान धरून, अनवाणी जोतीराम गावठाणाकडे निघाला. मागून रंगूबाई, शकुबाई आणि हळदीकुंकवाची ताटं. रस्ता तापलेला होता, सायलेन्सर त्याहून तापलेला होता आणि तो बरोबर त्याच्या पोटरीपाशी येत होता. बाजूने स्कूटरवाले हॉर्न वाजवून विचारत होते, "चालू आहे तर बसत का नाय, काका?" गाडी हातची जाणार नाही एवढाच एक विचार धरून जोतीराम चालत होता.

पंढरीशेठ दारातच होता. ट्रकही होता. गाडीचा आवाज ऐकून पंढरीशेठ चकित झाला आणि त्याने आतून हाताला धरून आईला आणलं. गोजराबाई चांगलीच थकली होती. डोळ्यांवर हाताची पन्हाळ धरून तिने धडधडणाऱ्या गाडीकडे निरखून पाहिलं.

"आये, बाबाची गाडी. वलखलीस?"

"ही आपली नाय," गोजराबाई म्हणाली.

जोतीराम पुढे झाला. "आजी, हीच ती. टाकीवरचा रंग बघा, नंबर बघा..."

"आपली अशी वाजत नव्हती. दुसऱ्याची कुनाची तरी हाय ही."

पंढरीशेठने ट्रकवाल्याकडे पाहिलं, ट्रकवाल्याने घड्याळाकडे. पोटरी भाजली होती, तळपाय पोळले होते, आणि एवढं करून गाडी परकी ठरत होती. जोतीरामने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि मेलेल्या मनाने गाडी ढकलत आंब्याच्या सावलीत नेऊ लागला.

"थांब रे," गोजराबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हां. आता वलखली. हीच हाय."

"आये?" पंढरीशेठ म्हणाला.

"तुजा बाबा अशीच आनायचा. बाजारातना, खाडीवरना, घामाघूम होऊन ढकलत. चालू झालेली मी कदीच बगली नाय." तिने डोळ्यांना पदर लावला. "दे त्याला गाडी, पंढरी. त्याच्याच हातात शोभते."

पंढरीशेठने हात हलवून ट्रक परत पाठवला. रंगूबाईने नारळ फोडला. जोतीराम इतका हलका झाला की पायाचं भाजणंही विसरला. गाडी त्याची झाली होती. त्याने घाईघाईने किकवर पाय ठेवला.

"चालू नको करू, पोरा," गोजराबाई हात जोडून म्हणाली. "अशीच ढकलत ने. मी वलनापर्यंत बगत ऱ्हाते."

जोतीरामने रंगूबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग त्याने पाय किकवरून काढला, हँडल घट्ट धरलं आणि गाडी ढकलायला सुरुवात केली.