हंगेरीतलं सत्तांतर आणि आमचा हॉल

जागतिक सिनेमा कसा बघावा, हे पुण्यात मोजक्याच लोकांना कळतं. इतर मोजक्यांशी माझी ओळख नाही!

तरी रविवारी दुपारी मी घरच्यांसाठी हंगेरियन चित्रपट लावला, तो निव्वळ कलेच्या प्रेमापोटी नाही. त्यात थोडं राजकारण होतं. माझी पंचेचाळिशी उलटली, पण शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटचा कारभार अजून बाबांकडेच. कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याजवळ आणि कोथिंबिरीच्या जुडीपासून माझ्या चपलांपर्यंत सगळं त्यांच्या मंजुरीने! 'बाबा, आता आराम करा, मी बघतो,' असं तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती. ते काम मी हंगेरीवर सोपवलं.

गोष्ट अशी : देशातलं जुनं सरकार डळमळतंय आणि त्याच वेळी एका घरातले हुकूमशहा आजोबाही. त्यांचा मुलगा जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून स्वातंत्र्याची भाषणं करतो. आधी फिल्म क्लबात हा चित्रपट पाहिला तेव्हा हा मुलगा मला फार जवळचा वाटला होता.

"बाबा, खाली इंग्रजीत येतंय, ते वाचताय ना?"

"पस्तीस वर्षं सरकारी इंग्रजी वाचलंय. हे समजतंय."

"हा म्हातारा अगदी यांच्यासारखा गं!" आई खुशीत चैतालीला म्हणाली. चैताली माझी बायको. तीही हसली. बाबा मात्र खुर्ची पुढे ओढून बसलेले. मी मनातल्या मनात मांडे खात होतो.

सरकार पडलं. आजोबांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. बाबांचे डोळे पाणावले!

आणि मग चित्रपट भलत्याच वाटेला लागला. मुलाने किल्ल्या उचलल्या आणि आठवड्याभरात घरात पाव मिळेना. गडी नुसता बोलघेवडा निघाला! शेवटी सुनेने किल्ल्या काढून घेतल्या आणि घर सावरलं.

"हे कधी घातलं यात?" मी ओरडलो.

"तू पाहिलायस ना आधी?" चैताली म्हणाली.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, क्लबातला एसी फार चांगला आहे. पहिल्या तासानंतर मी डोळे मिटून चिंतन करत होतो. टाळ्यांनी जागा झालो, तेव्हा मीही कडकडून वाजवल्या.

चित्रपट संपला. बाबा उठले. "अभय, डोळे उघडलेस माझे. उगाच धरून बसलो होतो रे सगळं." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. मी हात पुढे केला. जुडगा माझ्या हातावरून पलीकडे गेला.

"चैताली, सांभाळ बाई."

"अहो बाबा, मुलगा मी आहे!"

"म्हणूनच. सिनेमा आम्हीपण पाहिला."

त्या दुपारी बाबा कित्येक वर्षांनी घोरत झोपले. मला वाईट वाटलं, पण त्यांच्याकडे बघून बरंही वाटलं.

संध्याकाळी नव्या सरकारपुढे मी नम्रपणे उभा राहिलो. "शनिवारी क्लबात पोलिश चित्रपट आहे. जाऊ?"

चैतालीने किल्ल्या कमरेला खोचत विचार केला.

"जा. पण बाबांना घेऊन जा."

"त्यांना कशाला?"

"शेवटी काय झालं, ते घरी येऊन कुणीतरी सांगायला नको?"